जळलेला डोंगर आणि मोडलेली एफडी

आमच्या मराठी मंडळाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात डोंगराच्या पायथ्याशी राहणारे आम्ही सगळे त्यात, आणि उन्हाळ्यात पश्चिमेकडचं आभाळ तांबूस व्हायला लागलं की तिथे एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. एक पार्टी म्हणते जंगल गेलं म्हणजे पाणी गेलं, आता नद्या आटणार. दुसरी पार्टी, ह्यात आयटीवाले जास्त, कुठलातरी रिसर्च फॉरवर्ड करते की वणव्यानंतर नद्यांचं पाणी 30 टक्क्यांनी वाढतं, झाडं म्हणजे जमिनीतलं पाणी उपसणारे पंप, पंप बंद झाले की पाणी वाचलं, सिंपल. मग पहिली पार्टी 'झाडे लावा, झाडे जगवा' चिकटवते, दुसरी हसण्याच्या इमोजी टाकते आणि दोन दिवसांनी गणपतीच्या वर्गणीचा विषय निघाला की सगळं शांत. यंदा मात्र ग्रुपवर एक काका नवीन आलेत, मुलाकडे राहायला आलेले, उभं आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलेलं, त्यांनी सरळ विचारलं, "अहो मग पाणी वाढतं की कमी होतं? एक काय ते सांगा ना."

एक काय ते सांगता येत नाही, आणि ते उत्तर गुंतागुंतीचं आहे म्हणून नाही तर प्रश्नच चुकीचा धरलाय म्हणून. थंड डोंगराळ भागात बर्फ ही नदीची एफडी असते. हिवाळाभर डोंगरावर जमा होत राहते आणि मे-जून-जुलैत हळूहळू हातात पडते. वणवा ती एफडी मुदतीआधी मोडतो. त्या वर्षी खात्यात पैसे जास्त दिसतात, खरंच दिसतात, पण त्याला कोणी पगारवाढ म्हणत नाही. दोन्ही पार्ट्या फक्त शिल्लक बघून भांडतायत, पैसे कुठल्या तारखेला आले, त्यातले वापरता किती येणार आणि पुढच्या वर्षी काय, हे कोणी विचारतच नाही.

आपलं डोकं सह्याद्रीच्या हिशोबावर बसलेलं असतं ही पहिली अडचण. आपल्याकडे जूनला पाऊस येतो, ऑक्टोबरपर्यंत जे काय धरणात अडवलं ते अडवलं, पुढचे आठ महिने त्यावर काढायचे. इथे उलटं आहे. माझ्या गावातून, फोर्ट कॉलिन्समधून, जी पूडर नदी वाहते (फ्रेंच शिकाऱ्यांनी काठावर बंदुकीची दारू लपवली होती म्हणून हे नाव, असं सांगतात) तिच्यात सगळ्यात जास्त पाणी असतं मेअखेर ते जूनमध्ये, आणि तेव्हा गावात पावसाचा थेंब पडलेला नसला तरी चालतं, कारण ते पाणी वर 3 हजार मीटरवर साठलेल्या बर्फाचं. तो बर्फ हेच इथलं सगळ्यात मोठं धरण. त्याला भिंत नाही, दरवाजे नाहीत, पाणी कधी सुटणार हे ऊन, वारा आणि सावली ठरवतात. आणि सावली देणारं जंगलच जळतंय.

आता आयटीवाल्यांचा मुद्दा आधी मान्य करतो, कारण तो खोटा नाही. ते जो 30 टक्के फॉरवर्ड करतात तो आकडा 2022 साली आलेल्या एका अभ्यासातला आहे, अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या 179 पाणलोट क्षेत्रांवरचा, आणि त्याचं म्हणणं असं की जिथे पाचव्या हिश्श्याहून जास्त जंगल जळलं तिथे नदीचं पाणी सरासरी सहा वर्षं साधारण 30 टक्क्यांनी वाढलेलं राहिलं. कारणंही पटण्यासारखी आहेत. सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांवर जो बर्फ अडकतो त्यातला बराचसा जमिनीवर पोचतच नाही, घनरूपातून थेट वाफ होऊन उडून जातो. झाड गेलं की तो बर्फ खाली पडतो. शिवाय मेलेलं झाड पाणी पीत नाही. म्हणजे 'जंगल गेलं की नदी आटली' हे वाक्य इथल्या डोंगरांबद्दल निदान पहिली काही वर्षं तरी सरळसरळ चूक आहे, आणि झाडे लावावाल्यांनी हे एकदा गिळायला हवं.

गंमत म्हणजे हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि तेव्हाही असंच वाईट भांडलं गेलं होतं. 1900 नंतरच्या दशकात अमेरिकेचं वनखातं सांगत फिरायचं की जंगल म्हणजे स्पंज, जंगल वाचवा, पूर थांबतील, नद्या बारमाही होतील. हवामान खात्याचे प्रमुख विलिस मूर यांनी 1910 मध्ये अहवालच काढला की जंगलाचा पुराशी काही खास संबंध नाही. दोन सरकारी खाती, एकच सरकार, आणि दोघांकडेही स्वतः मोजलेलं फारसं काही नव्हतं. पण मग त्यांनी एक भारी गोष्ट केली जी आमच्या ग्रुपला आजवर जमलेली नाही, दोघं मिळून मोजायला बसले. कोलोरॅडोत रिओ ग्रांदे नदीच्या उगमाकडे वॅगन व्हील गॅप म्हणून जागा आहे, तिथे दोन शेजारी ओढे निवडले, 1910 पासून दोन्हीचं पाणी रोज मोजलं, 1919 मध्ये एका ओढ्याभोवतीचं जंगल तोडलं, दुसरं तसंच ठेवलं आणि 1926 पर्यंत परत मोजत राहिले. निघालं काय? पाणी वाढलं, म्हणजे स्पंजवाले चुकले. पण वाढ बहुतेक सगळी वसंतात बर्फ वितळतानाच आली, जेव्हा नदीत तसंही पाणी चिक्कार असतं. उन्हाळ्याअखेर जेव्हा शेतकरी आभाळाकडे बघतो तेव्हा फारसा फरक नाही. सोळा वर्षं मोजून निघालेलं हे उत्तर 'किती'पेक्षा 'कधी'चंच होतं.

पुढे 1950 च्या दशकात ह्याच राज्यात फूल क्रीक नावाच्या ओढ्यावर 40 टक्के जंगल पट्ट्या-पट्ट्यांनी तोडलं तेव्हा तर सुरुवातीच्या वर्षांत पाणी सुमारे 40 टक्क्यांनी वाढलं, आणि 'झाडं कमी करा, पाणी वाढवा' म्हणणारे आजही हेच उदाहरण देतात. पण इथे एक चलाखी आहे, बहुतेकदा नकळत होणारी. तोडलेलं जंगल आणि जळलेलं जंगल एक नाही. फूल क्रीकमध्ये मधल्या पट्ट्या उभ्या होत्या, त्यांनी वारा अडवला, सावली दिली, बर्फ स्वच्छ राहिला, खालची माती जागेवर होती. वणव्यात ह्यातलं काहीच उरत नाही. न्यू मेक्सिकोत 2011 च्या लास काँचास वणव्यानंतर मोजलं तर हिवाळ्याच्या शेवटी जळलेल्या भागात बर्फातलं पाणी शेजारच्या हिरव्या जंगलापेक्षा कमी भरलं. फांद्यांवर अडकणं बंद झालं हे खरं, पण उघड्यावर पडलेल्या बर्फावर ऊन आणि वारा तुटून पडले. आणि किड्याने झाडं मेली तिथे? कोलोरॅडोत सालकिड्याने लाखो एकर पाइन उभा वाळवला, तेव्हाही सगळ्यांनी भाकीत केलेलं की आता नद्या फुगणार, आणि उगमाकडच्या ओढ्यांची मापं तपासली तर अपेक्षेसारखी वाढ दिसलीच नाही. पंप बंद केला की खालची टाकी भरते हे बिल्डिंगमध्ये ठीक आहे.

मी स्वतः एकदा मार्चअखेरीला कॅमेरॉन पीकच्या जळलेल्या भागात स्नोशूज घालून गेलो होतो. 2020 चा हा वणवा, 2 लाख 8 हजार एकर, कोलोरॅडोच्या इतिहासातला सगळ्यात मोठा, ऑगस्टमध्ये लागला आणि पार डिसेंबरपर्यंत धुमसत होता. वाटलं होतं पांढऱ्या बर्फात काळी खोडं, फोटो मस्त येतील. जवळ गेल्यावर कळलं की बर्फ पांढरा नाहीच, पापडावर जिरं असावं तसा सगळीकडे काळा ठिपका, जळक्या सालीचे पापुद्रे, कोळशाचा चुरा, वारा आला की खोडावरून अजून थोडं झडतंय. आणि प्रत्येक ठिपका आपापल्या छोट्याशा खड्ड्यात बसलेला. काळा रंग ऊन पितो, तापतो, खालचा बर्फ वितळवतो, खाली जातो. मी एका खड्ड्यात बोट घातलं तर सालीचा तुकडा पहिलं पेर बुडेपर्यंत खाली होता. खोडांभोवती तर बर्फाला विहिरीसारखे घेर पडलेले. तिथून वीस मिनिटांवर न जळलेल्या स्प्रूसची एक राई होती, आत गेलो तर थंडगार सावली आणि गुडघाभर स्वच्छ बर्फ.

हेच ओरेगनच्या कॅस्केड डोंगरात रीतसर मोजलंय. जळलेल्या जंगलात बर्फ साचला जास्त, पण संपला 23 दिवस आधी. 23 दिवस! आणि हे एका वर्षापुरतं नाही, उभी खोडं जोवर झडतायत तोवर दर हिवाळ्यात नव्या बर्फावर नवी काजळी पडत राहते, दहा वर्षांहून जास्त काळ हा परिणाम टिकतो असं दिसलंय.

ह्यावर समोरच्यांचा सगळ्यात दमदार प्रश्न असा येतो की धरणं आहेत ना, मग पाणी तीन आठवडे आधी आलं काय नि नंतर काय, अडवू आणि वापरू. चांगला प्रश्न आहे, आणि ज्यांच्या डोक्यावर मोठं धरण आहे त्यांच्यापुरतं उत्तरही बरोबर आहे. पण सगळ्यांच्या डोक्यावर ते नाही. डोंगरातल्या छोट्या गावांकडे, पाटावर शेती करणाऱ्यांकडे दोन-तीन आठवड्यांची टाकी असली तर खूप. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क 'ज्याने आधी वापरलं त्याचा आधी' ह्या कायद्याने चालतो, जुन्या हक्कवाल्याचं भागल्याशिवाय नव्याला थेंब मिळत नाही, तेव्हा जुलैत नदी लवकर उतरली की कात्री आधी कुणाला लागणार हे ठरलेलंच. शिवाय धरण चालवणारे 1 एप्रिलला डोंगरावर किती बर्फ आहे ते बघून पुढच्या आवकेचा अंदाज बांधतात, आणि तो अंदाज हिरव्या डोंगराच्या कित्येक वर्षांच्या आकड्यांवर बसवलेला. डोंगर काळा झाला की तो जुना हिशोब लागू पडेलच ह्याची खात्री कोण देणार?

आणि येतं ते पाणीच येतं का? इथे काकांसारख्या माणसाने ग्रुपवर गप्प बसायला नको होतं, कारण धरणाचा साठा सांगताना एकूण साठा वेगळा आणि उपयुक्त साठा वेगळा, हे त्यांच्या खात्याने आपल्याला पेपरात रोज वाचायला शिकवलंय. जोरात जळलेल्या जमिनीत पाल्यापाचोळ्यातले मेणासारखे पदार्थ वाफ होऊन काही सेंटिमीटर खाली जाऊन गोठतात आणि मातीला पाणी शिवेनासं होतं. अळवावरचं पाणी आपण म्हणतो ना, तसं, फक्त अळूचं पान हजारो एकरांचं आणि चांगलं तिरपं. हळूहळू वितळणारा बर्फ त्यातूनही वाट काढतो, पण जुलैतला एखादा ढग अर्ध्या तासात रिकामा झाला की राख, माती, दगड, ओंडके सगळं एकत्र खाली. 1996 च्या मे महिन्यात डेन्व्हरच्या नैऋत्येला बफेलो क्रीकला सुमारे 12 हजार एकर जळलं, म्हणजे इथल्या मानाने किरकोळच, आणि 12 जुलैला जो पाऊस झाला त्यात दोन माणसं गेली आणि डेन्व्हरचं पाणी जिथून जातं त्या स्ट्राँशिया स्प्रिंग्स धरणात गाळाचा ढीग. सहा वर्षांनी त्याच खोऱ्यात हेमन वणवा, 1 लाख 38 हजार एकर. ह्या दोन वणव्यांपायी डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेचे 2 कोटी 70 लाख डॉलरच्या वर गेले, गाळ उपसणं, पाणी शुद्ध करणं, उतार बांधणं ह्यात. आमच्या पूडरच्या खोऱ्यात कॅमेरॉन पीकच्या जळलेल्या उतारावरून 20 जुलै 2021 ला ब्लॅक हॉलोमध्ये लोंढा आला, चार माणसं गेली. वर्षाची बेरीज काढली तर हे पाणीसुद्धा 'वाढलेल्या प्रवाहातच' मोजलं जातं.

सगळ्यात बोलकं उदाहरण न्यू मेक्सिकोतल्या लास व्हेगासचं (जुगारवालं नव्हे, हे तेराएक हजार वस्तीचं जुनं गाव). 2022 मध्ये वरच्या सांग्रे दे क्रिस्तो डोंगरात हर्मिट्स पीकचा वणवा लागला, 3 लाख 41 हजार एकर. मग पावसाळा आला, गॅलिनास नदी भरून वाहायला लागली, राखेने काळी, आणि गावच्या शुद्धीकरण केंद्राला ते पाणी आत घेणंच शक्य होईना. तुरटी फिरवून गढूळ पाणी निवळायला ठेवायचं हे आपल्या घरोघरी माहीत आहे, मोठ्या केंद्रातही तत्त्व तेच, पण त्यालाही मर्यादा असते, आणि राखेतल्या विरघळलेल्या कार्बनवर क्लोरीन टाकलं की त्यातून नको ती रसायनं तयार होतात ते वेगळंच. नदी दुथडी भरलेली आणि गावाकडे महिनाभर पुरेल इतकंही पाणी नाही. ह्या गावाला सांगा बरं तुमचा 30 टक्के वाढीचा आकडा.

आमच्याकडे फोर्ट कॉलिन्सला 2012 च्या हाय पार्क वणव्यानंतर नदी काळी झाली तेव्हा आम्ही वाचलो, कारण शहराला पाण्याचा दुसरा आधार आहे, हॉर्सटूथ धरण. त्यात पाणी येतं डोंगरापलीकडून, कोलोरॅडो नदीच्या उगमाकडून, पर्वताच्या पोटातून काढलेल्या 13 मैलांच्या बोगद्यातून. पूडरचं पाणी घेणं बंद केलं, तिकडचं घेतलं. मला तेव्हा वाटलं, वा, काय प्लॅनिंग आहे. आणि 2020 मध्ये काय झालं? डोंगराच्या अलीकडे कॅमेरॉन पीक जळत असतानाच ऑक्टोबरमध्ये पलीकडे ईस्ट ट्रबलसम वणवा लागला, एका दिवसात लाखभर एकर खाऊन, जिथे झाडच उगवत नाही असा उघडा पर्वतमाथा ओलांडून ह्या बाजूला आला. एकाच मोसमात दोन्ही पाणलोट जळले. एक खातं अडचणीत आलं तर दुसरं आहे हा हिशोब ज्यांनी केला ते मूर्ख नव्हते, पण दोन्ही एफड्या एकाच बँकेत होत्या.

मला खरी भीती मात्र पुराची नाही, ह्या जादा पाण्याची सवय लागण्याची आहे. ही चूक इथल्याच कोलोरॅडो नदीवर एकदा झालेली आहे. 1922 मध्ये सात राज्यांनी कोलोरॅडो नदीचं पाणी वाटून घेतलं तेव्हा मागची काही वर्षं भरपूर पाण्याची गेली होती, तोच नेम धरून वरच्या आणि खालच्या खोऱ्याला दरवर्षी प्रत्येकी 75 लाख एकरफूट (एक एकरफूट म्हणजे एका एकरावर फूटभर उभं राहील इतकं पाणी) देऊन टाकले, 1944 मध्ये मेक्सिकोला वर 15 लाख. 2000 नंतर नदीत सरासरी येतंय साधारण सव्वाशे लाख एकरफूट. बेरीज करा. चार चांगली वर्षं बघून कायमचा शब्द दिला की काय होतं ते चार कोटी लोक भोगतायत. वणव्यानंतरची सहा वर्षं तशीच चांगली वर्षं आहेत. आणि सातव्या वर्षापासून पुढे? ते जागेवर ठरतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वर 1939 मध्ये माउंटन ॲशची (ही निलगिरीचीच एक उंच जात) जंगलं जळली, नवी दाट रोपटी उगवली, आणि वाढत्या वयाची तहान मोठी असल्यामुळे वीस-तीस वर्षांनी तिथल्या ओढ्यांचं पाणी जुन्या जंगलाच्या काळापेक्षा निम्म्यापर्यंत खाली गेलं. इथली झाडं वेगळी, हवा वेगळी, तसंच होईल असं मी म्हणत नाही. आणि हाच न्याय आपल्याकडेही लावा, उत्तराखंडात चीड पाइनची जंगलं जळतात ती बर्फाच्या रेषेच्या बऱ्याच खाली आणि एप्रिल-मे-जूनमध्ये, तेव्हा कोलोरॅडोचा आकडा उचलून भागीरथीला चिकटवणाऱ्या फॉरवर्डपासूनही जपून.

मग आग वाईटच का? नाही, आणि इथे मी झाडे लावावाल्यांनाही नाराज करणार. 1910 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे वॅगन व्हील गॅपची मोजणी सुरू झाली त्याच वर्षी, आयडाहो आणि मोंटानात दोन दिवसांत 30 लाख एकर जळलं आणि वनखात्याने अशी धास्ती घेतली की पुढे 1935 मध्ये नियमच आला, आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. कित्येक दशकं ठिणगी ठिणगी विझवली, जंगल गच्च झालं, आणि आता जळतं तेव्हा चुलीसारखं नाही, भट्टीसारखं जळतं. उलट योसेमिटीतल्या इलिलुएट खोऱ्यात 1972 पासून विजेने लागलेल्या आगी बऱ्याचशा जळू दिल्या. तिथे आज जंगल तुटक-तुटक आहे, मध्ये ओली कुरणं झालीत आणि ओढ्याचं पाणी कमी झालेलं नाही. छोट्या आगींनी माती भाजत नाही, सगळी सावली एकदम जात नाही. म्हणून ठरवून, थंड हवेत, थोडं थोडं जाळणं ह्याच्या मी बाजूने आहे. हर्मिट्स पीकचा तो वणवा अशाच ठरवून लावलेल्या आगीतून हाताबाहेर गेला होता, आणि ती आग वनखात्यानेच लावली होती, हे माहीत असून. लास व्हेगासच्या माणसासमोर हे वाक्य मला बोलता येईल का? कठीण आहे. पण न जाळण्याचा प्रयोग आपण कित्येक दशकं करून बघितलाच आहे.

एवढं सगळं टाइप करून मी ग्रुपवर टाकलं, अर्थात कोणी पूर्ण वाचलं नाही. काकांनी मात्र रात्री वेगळा मेसेज केला, "लेख वाचला. पण मग यंदा पूडरला पाणी जास्त की कमी?" मी लिहिलं, "काका, कुठल्या तारखेला?" बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "15 जुलै. आणि गाळ वजा करून सांगा."